पंपाची सुई

मे महिन्यातली दुपार, लाईट गेलेली, खळ्यात दोरीवर पुतण्याची लाल जर्सी वाळत होती आणि खाली सुपात आमसुलं. दोन्हींचा रंग इतका सेम की मला वाटलं वहिनीने जर्सीलाही एक पूट चढवलंय की काय. पुतण्या लिव्हरपूलचा, त्या इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबचा. म्हणजे आहे शिरोड्याचाच, इथून पुढे गेलं की रेडी, मग तेरेखोल की लागलाच गोवा, आयुष्यात मुंबईच्या पुढे गेलेला नाही, पण "आमचा मॅनेजर", "आमचा गोली" असं बोलतो. चालायचंच, आम्हीही त्या वयात गोव्याच्या धेंपो-साळगावकरवरून एकमेकांची डोकी फोडायला उठायचो आणि त्यातल्या एकाही क्लबाला आम्ही आहोत हे माहीत नव्हतं.

तर त्याने दुपारभर मला बॉब पेस्ली ऐकवला, लिव्हरपूलचा जुना मॅनेजर. लाईट नसली की पोरं बोलतात.

हा माणूस कोळशाच्या खाणीत राबणाऱ्याचा पोरगा, स्वतः गवंडीकाम शिकलेला, १९३९ च्या मे मधे लिव्हरपूलला आला. चार महिन्यांत युद्ध सुरू झालं, हा तोफखान्यात भरती, आणि क्लबकडून अधिकृत पहिली मॅच थेट १९४६ ला. मग इंग्लंडची लीग जिंकली १९४७ ला. खेळला १९५४ पर्यंत. थांबला म्हणजे घरी गेला असं नाही, राखीव टीमला शिकव, स्वतः पुस्तकं वाचून पोरांचे पाय चोळायला शीक, मग बिल शँकली मॅनेजर म्हणून आला त्याच्या हाताखाली राहा. १९७४ ला शँकलीने अचानक "पुरे" म्हणून राजीनामा दिला आणि सगळ्यांनी मागे वळून बघितलं तर हाच उभा होता. त्याला नको होतं म्हणे ते पद. नको नको करत ९ वर्षांत ६ लीग आणि ३ युरोपियन कप, १९७७, १९७८, १९८१. पहिला कप रोममधे जर्मन टीमला हरवून, आणि १९४४ ला ह्याच शहरात आपण रणगाड्यावरून शिरलो होतो, तेव्हाही जर्मनांनाच हरवलेलं, असं तो नंतर सांगायचा.

मला मात्र ते कप वगैरे सोडून १९५० चं अडकलं. त्या साली एफए कप ह्या इंग्लंडमधल्या स्पर्धेच्या सेमीफायनलला ह्याने एव्हर्टनविरुद्ध गोल मारला, एव्हर्टन म्हणजे तिथला शेजारचाच क्लब, आणि फायनलला ह्यालाच बाहेर बसवला. लिव्हरपूल हरलं ते सोडा. पण गोल मारणाऱ्याला बसवायचं? आमच्या वाडीत हे झालं असतं तर त्या घराने मंडळाची वर्गणी तीन पिढ्या दिली नसती आणि पालखीला खांदा दिला नसता. हा गडी तिथेच राहिला. एकूण ४४ वर्षं.

पुतण्या म्हणाला ही निष्ठा. मला हा शब्द आवडत नाही. सत्काराला शाल आणि नारळ देतात ना, त्याच्यासोबत तो फुकट मिळतो.

मला आपला दादा आठवला, पुतण्याचा बाप. भात कापून झालं की मिठागराच्या बाजूच्या मळ्यात आम्ही फुटबॉल खेळायचो, कापलेल्या भाताच्या खुंटांनी तळपाय सोलून निघायचे, गोल म्हणजे दोन माडाची चुडतं रोवलेली. दादा गोलात. बॉल एकच आणि त्याला पंक्चरची खोड, आणि पंपाची सुई कायम दादाच्या खिशात. सुई आत घालायच्या आधी तो ती जिभेवर ओली करायचा, आणि आम्ही सगळे भोवती गोल करून गप्प, गणपतीची आरती संपून प्रसाद वाटायच्या आधी असतो तसे. एकदा बांधावरून पडून दादाचा घोटा गेला तो गेलाच. मग तो बॉल भरायला लागला, शिट्टी मारायला लागला, खोबरेल गरम करून पोरांच्या पोटऱ्या चोळायला लागला. त्याला कोच असं कोणी म्हणालं नाही. त्याच्या हाताखाली खेळलेली पोरं परळ, डोंबिवली, नालासोपारा, त्यातलाच एक मी, आम्ही चाकरमानी चतुर्थीला येतो, देवघरात दिवा लागलेला असतो, विहिरीवर दोरी नवीन असते, आणि वर आम्हीच विचारतो की कौलं का शाकारली नाहीत.

कोकणात प्रत्येक घरात असा एक असतोच. मागे राहिलेला म्हणतात त्याला. चिडायला होतं आता, पण मीही म्हटलंय, लग्नाच्या बोलण्यात, चारचौघांत.

संध्याकाळी लाईट आली. काडेपेटी जागेवर ठेवायला गेलो तर देवळीत उदबत्तीच्या पुड्यामागे सुई. तीच की दुसरी कुणास ठाऊक, पण गंज नव्हता. दादा माडांना पाणी सोडून आला, पाय धुतले, लंगडत ओट्यावर बसला. मी असंच, काही मनात नसल्यासारखं विचारलं, तुला कधी मुंबईला यावंसं नाही वाटलं?

"बॅग भरून ठेवलेली एकदा," तो म्हणाला.

"मग?"

"मगे काय. तुझा पत्र इला, तुका नोकरी लागली म्हणान."

वहिनीने आतून चहाला हाक मारली. दोरीवरची जर्सी वाळली होती, आमसुलं अजून नाही.