तुम्ही विचारलंत म्हणून: बॅटरी रात्री का भरत नाही?

इंदूरला लोकमान्यनगरात आमच्या गच्चीवर ३ किलोवॅटचं सोलर आहे, जिन्याखाली बॅटऱ्या. हळदीकुंकवाला आलेल्या बायकासुद्धा वाण घेता घेता विचारतात, "रात्री वीज स्वस्त ना? मग बॅटरी रात्री का नाही भरत?"

रात्री स्वस्त ही कारखान्यांची जुनी गोष्ट. आता भर दुपारी सोलरची वीज इतकी येते, की २०२३च्या केंद्राच्या नियमांनी दिवसाचे तास स्वस्त नि संध्याकाळ महाग असंच धोरण ठरवलं. आपल्याकडे मध्य प्रदेशात स्मार्ट मीटरवाल्या घरांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ विजेच्या दरात २० टक्के सूट मिळते.

"मग दुपारी लाइनच्या विजेवर भरा!"

आता हिशेबच मांडते. समजा युनिट १०० पैशांचं, दुपारी ८०ला मिळालं. आमच्या ट्युब्युलर, म्हणजे शिशाच्या बॅटरीत एक युनिट घातलं तर परत येतं जेमतेम पाऊण. म्हणजे हाती आलेलं पुरं युनिट पडलं १०७ला! सवलतीतलं तूप गळक्या बरणीत भरल्यासारखं. लिथियम ९० टक्क्यांच्या आसपास परत देते, तिथे ८९ पडतं. पण युनिटमागे ११ पैसे वाचवून बॅटरीची किंमत कधी निघायची?

शिवाय आमचं नेट मीटर आहे. दुपारचं उरलेलं युनिट लाइनवर जातं नि बिलात वळतं होतं. मग बॅटरी कशाला? लाइट जाते म्हणून. लाइट गेली की नुसतं ऑन-ग्रिड, म्हणजे बॅटरीशिवाय थेट लाइनला जोडलेलं सोलरही बंद पडतं. तारेवर काम करणाऱ्या लाइनमनला आपल्या गच्चीवरून शॉक बसू नये, म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. शेजारच्या काकांना हे कळलं ते मे महिन्यात. गच्चीवर रणरणतं ऊन, घरात पंखा बंद!

आमच्याकडे बसवणाऱ्याने लाइनवरून चार्जिंग चालूच ठेवलं होतं. बॅटरी रात्रीतच भरायची, सकाळच्या उन्हाला तिच्यात जागाच नसायची. आता मी ती फक्त सोलरवर भरते नि निम्म्याखाली उतरू देत नाही. शिशाच्या बॅटरीला खोल उपसा मानवत नाही. आठवडाभर झड लागली तरच लाइन लावते, तीही दुपारी.

खरी बचत बॅटरीत नाहीच. बोअरिंगची मोटर, वॉशिंग मशीन, इस्त्री ११नंतर, एवढंच. गीझर मात्र पहाटे ६लाच लागतो. सासूबाईंना "आंघोळीला ९पर्यंत थांबा" म्हणायची माझी काय टाप!