स्कारबरोच्या खाजणातल्या दोन चिमण्या

अमेरिकेतल्या मेन राज्याच्या सहलीत दीपगृहे पाहिली, लॉब्स्टरसाठी कंटाळवाण्या रांगेतही उभे राहिलो. पण लिहावेसे वाटले ते पोर्टलंडजवळच्या स्कारबरोच्या खाजणाबद्दल. तिथल्या जुन्या रेल्वेमार्गाच्या बांधावर डास फोडून खात असतानाही माझा पाय निघत नव्हता.

नारिंगी चेहऱ्याच्या, करड्या गालांच्या दोन चिमण्या इथे एकाच गवतात राहतात. आपल्या घरचिमणीचे कूळ मात्र वेगळे. सॉल्टमार्श स्पॅरोच्या छातीवरच्या रेघा ठसठशीत, तर नेल्सन्स स्पॅरोच्या पिवळसर छातीवर त्या पुसट असतात. १९९५ पर्यंत दोघींची गणना एकाच जातीत होत असे आणि या भागात त्यांचा संकरही होतो, त्यामुळे एका पक्ष्याबद्दल माझा शेवटपर्यंत निर्णय झाला नाही. नेल्सन्सचे गाणे म्हणजे फोडणीत ओला कढीपत्ता पडल्यावर होणारे चर्र. त्याला गाणे म्हणणे हे निव्वळ सौजन्य आहे.

सॉल्टमार्शची एक मादी चोचीत किडे घेऊन पुन्हा पुन्हा एकाच जागी गवतात उतरत होती. नर पिल्लांकडे फिरकत नाही. घरटे जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच असते, म्हणून मोठ्या उधाणात ते बुडते. ते बांधल्यापासून पिल्ले बाहेर पडेपर्यंत सुमारे साडेतीन आठवडे लागतात आणि सर्वांत मोठ्या उधाणांमधले अंतर साधारण चार आठवड्यांचे असते. त्यामुळे पाणी ओसरताच पुन्हा घरटे बांधले तरच पिल्ले वाचतात. समुद्राची पातळी वाढत चालल्याने आता तेवढीही सवड उरलेली नाही. १९९० च्या दशकापासून या जातीची संख्या सुमारे तीन चतुर्थांशाने घटली. २०११-१२ च्या अंदाजानुसार सुमारे ६०,००० पक्षी उरले होते आणि आज ती जागतिक यादीत संकटग्रस्त आहे.

पाणी नेल्सन्सच्या घरट्यांतही शिरते, परंतु तिची वीण कॅनडाच्या अंतर्भागातल्या गवताळ प्रदेशांत आणि हडसन उपसागराच्या किनाऱ्यावरही होते, म्हणून तिच्या जातीला तूर्त धोका मानला जात नाही. सॉल्टमार्शची वीण मेन ते व्हर्जिनिया एवढ्याच किनारपट्टीवर होते.

खाजणाला मागे सरकायला जागा मिळाली, तर तिचा काही काळ निभाव लागेल. मागे मात्र रस्ते आहेत, घरे आहेत आणि खाजणाचे दर्शन घडवणाऱ्या त्या महागड्या खोल्या आहेत, ज्यांतली एक आम्ही हौसेने घेतली होती.