मोझरेलातले पाणी आणि मंद आच

इटालियन धाटणीचे ग्रिल्ड चीज सँडविच घरी करायला घेतले, तेव्हा पहिल्या तिन्ही खेपांना माझ्या हाती ओलसर पावाचा लगदा लागला. साहित्यात कसलीही खोट नव्हती. ताजे मोझरेला, पिकलेला टोमॅटो, बेसिलची पाने आणि ऑलिव्ह तेल, म्हणजे काप्री बेटाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या काप्रेसे सॅलडचे सगळे घटक मी दोन स्लाइसमध्ये भरले होते आणि बशीत जे इतके सुरेख लागते ते पावात घालून भाजल्यावर अधिकच रुचकर लागेल, असे गृहीत धरले होते. प्रत्यक्षात पावाची बाहेरची बाजू खरपूस होईपर्यंत आत टोमॅटो पाणी सोडत होता, मोझरेलाही पाणी सोडत होते आणि खालची स्लाइस ते सगळे शोषून घेत होती. तेव्हापासून या सँडविचचा विचार मी आधी पाण्याच्या बाजूने करते आणि चवीच्या बाजूने नंतर.

ताज्या मोझरेलाच्या वजनात निम्म्याहून अधिक वाटा पाण्याचा असतो. साकळलेल्या दुधाचा गोळा गरम पाण्यात घालून, ताणून, पुन्हा दुमडून ते तयार करतात. या पद्धतीला इटालियनमध्ये ‘पास्ता फिलाता’ म्हणतात. ताणलेल्या गोळ्यातून हाताने एकेक तुकडा तोडून वेगळा केला जातो आणि ‘मोझ्झारे’, म्हणजे तोडणे, या क्रियापदावरूनच चीजला नाव मिळाले आहे. ताणण्यामुळे त्यातील प्रथिनांचे तंतू एका दिशेने लागतात आणि म्हणूनच वितळल्यावर त्याच्या लांबच लांब तारा निघतात. तार हा त्याचा गुण असला, तरी पाणी आणि सौम्य चव ही सँडविचच्या दृष्टीने त्याची दोन व्यंगे आहेत. पाण्यावर उपाय सोपा आहे: मोझरेलाच्या अर्धा सेंटीमीटर जाडीच्या चकत्या कापून त्या स्वच्छ कापडावर पसरायच्या, वरून दुसरे कापड हलकेच दाबायचे आणि निदान अर्धा तास तशाच ठेवायच्या. एवढेही करायचे नसेल, तर पिझ्झासाठी मिळते ते कमी ओलाव्याचे मोझरेला वापरावे. म्हशीच्या दुधाचे अस्सल ‘मोझरेला दि बुफाला’ हाताशी असेल, तर माझे स्पष्ट मत असे की ते तसेच गारेगार खावे; ते तव्यावर नेण्यात त्याचाही फायदा नाही आणि सँडविचचाही.

सौम्यपणावरचा उपाय म्हणजे दुसरे चीज. आल्प्समधील आओस्ता खोऱ्यातील फोंतिना गुळगुळीत वितळते आणि तिला सुक्या मेव्यासारखा किंचित खमंग वास असतो. ती न मिळाल्यास प्रोव्होलोने चालते, जे मोझरेलाप्रमाणेच ताणून केले जाते, पण मुरवलेले असल्यामुळे त्याची चव अधिक ठसठशीत लागते. एका सँडविचला 50 ग्रॅम मोझरेला आणि 30 ग्रॅम फोंतिना हे प्रमाण मला जमले आहे. पार्मिजानो रेज्जानो हे कडक चीज मात्र आत घालू नये. ते किमान 12 महिने मुरवलेले असते, त्या काळात त्यातील प्रथिनांचे तुकडे होतात आणि ओलावाही बराच कमी होतो, त्यामुळे उष्णतेने ते ताणले न जाता तेल सोडते आणि कणीदार होते. त्याची जागा पावाच्या बाहेर आहे. तिकडे नंतर येते.

इटलीत याच्या जवळचा पदार्थ आधीपासून आहे. नेपल्स ज्या कांपानिया प्रांतात आहे, तिथे ‘मोझरेला इन कारोझ्झा’, म्हणजे घोडागाडीत बसलेले मोझरेला, करतात: पावाच्या दोन तुकड्यांमध्ये मोझरेला ठेवून, ते पीठ आणि अंडे यांत घोळवून तेलात तळायचे. चांगले करणारे तिथेही मोझरेला आधी निथळून घेतात, हे कळल्यावर माझा अर्धा तास वाया जात नसल्याचे समाधान मला मिळाले.

पावाबाबत बहुतेक पाककृती चियाबात्ता सुचवतात. नावाचा अर्थ सपाता आणि दिसायलाही तो तसाच चपटा; त्याचे वय मात्र वाटते तितके नाही, कारण आर्नाल्दो काव्हाल्लारी यांनी तो 1982 साली इटलीतील आद्रिया येथे सिद्ध केला. त्याच्या मोठमोठ्या जाळीतून वितळलेले चीज थेट तव्यावर गळते आणि तिथेच जळते. यावर मला सापडलेला तोडगा असा की चियाबात्ता आडवा चिरून त्याची दोन्ही अर्धुके उलटी करायची, म्हणजे साल आत आणि कापलेली जाळीदार बाजू बाहेर. सालीमुळे चीज आतच राहते आणि जाळीच्या कडांना तेल लागून त्या कुरकुरीत होतात. हे नको असल्यास घट्ट विणीच्या साध्या पावाच्या सव्वा सेंटीमीटर जाडीच्या स्लाइस घ्याव्यात. एक दिवस शिळा पाव ताज्यापेक्षा बरा.

टोमॅटो ताजा असेल तर बिया आणि गर काढून, पातळ कापून, मीठ लावून 15 मिनिटे ठेवावा आणि नीट टिपून घ्यावा. तेलात मुरवलेले उन्हात वाळवलेले टोमॅटो मला अधिक आवडतात, कारण त्यांतले पाणी आधीच गेलेले असते आणि आंबटपणा एकवटलेला असतो. तीन तुकडे बारीक चिरून पुरतात. पेस्तो, म्हणजे बेसिलची इटालियन चटणी, एका चहाच्या चमच्याहून अधिक नको. बेसिल गरम झाले की काळवंडते आणि त्याचा सुगंध उडून जातो, त्यामुळे पेस्तो पावाला न लावता दोन चीजच्या मध्ये लावावा, म्हणजे तव्याची धग त्याच्यापर्यंत उशिरा पोहोचते. ताजी पाने शेवटी, सँडविच उघडून.

आता आच. चीजमधील स्निग्धांश सुमारे 32 अंश सेल्सिअसच्या आसपास बऱ्याच अंशी पातळ होतो आणि त्याची प्रथिने साधारण 60 अंशांच्या पुढे सैल पडू लागतात, तर पावाला खरपूस तांबूस रंग येण्यासाठी पृष्ठभागाचे तापमान 140 अंशांच्या आसपास जावे लागते. बाहेर एवढे तापमान असताना आतली उष्णता हळूहळू चढते, कारण पावात हवा भरलेली असते आणि हवा उष्णता अडवते. आच मोठी ठेवली की बाहेर करपते आणि आत चीजच्या चकत्या जशाच्या तशा राहतात, हे सर्वांनीच अनुभवलेले असते. म्हणून जाड बुडाचा तवा, मंद आच आणि दर बाजूला चार ते पाच मिनिटे. पहिली दोन मिनिटे झाकण ठेवावे, म्हणजे वरूनही ऊब मिळते. त्यानंतर ते काढलेच पाहिजे, नाहीतर वाफेने वरची स्लाइस मऊ पडते. तव्यावर सोडण्यापेक्षा पावालाच मऊ लोणी आणि ऑलिव्ह तेल सारख्या प्रमाणात मिसळून लावावे. काही जण मेयोनेज लावतात आणि त्याने रंग खरोखरच एकसारखा येतो, पण मग इटालियन चव कुठे उरते, असा माझा आपला आक्षेप आहे.

सँडविच उलथन्याने दाबण्याचा मोह सुरुवातीला आवरावा. चीज वितळण्याआधी दाबल्यास पाव नुसताच चेपतो. दुसरी बाजू होत आल्यावर वर एखादे जड भांडे अर्धा मिनिट ठेवले की थर एकमेकांना चिकटतात.

आणि आता पार्मिजानो. लोणी लावलेल्या बाजूवर दोन चमचे बारीक किसलेले पार्मिजानो पसरून ती बाजू तव्यावर ठेवावी. फ्रिउली प्रांतात चीज असेच तव्यावर कुरकुरीत करून ‘फ्रिको’ बनवतात, त्याचाच हा पातळ अवतार म्हणता येईल. पहिल्या मिनिटात किस तव्याला असा धरून बसतो की सगळे फसले असे वाटते. उलथने घालू नये. त्यातले पाणी उडून तो सोनेरी झाला की आपसूक सुटतो. नंतर लगेच करपतो, म्हणून या अर्ध्या मिनिटात तव्यापासून हलू नये.

सँडविच काढल्यावर ते जाळीवर ठेवावे, कारण सपाट बशीत खालून घाम धरतो. एक मिनिट थांबून करवती सुरीने कापले की तारा निघतात. सात-आठ मिनिटे गेली की चीज पुन्हा घट्ट होते आणि परत गरम केल्यास तेल सोडून रबरासारखे लागते. म्हणून खाणारे चार जण असले तरी मी एका वेळी दोनच सँडविच करते आणि ज्यांच्यापुढे ती येतील त्यांनी बाकीच्यांसाठी न थांबता खायला लागावे, असे आधीच सांगून ठेवते.