तुम्ही विचारलेत म्हणून: नखांवरच्या पट्ट्यांविषयी

जळगावच्या सराफ बाजारातील एका पेढीत मी दागिने दाखवण्याचे काम करते. अंगठी किंवा बांगडी ट्रेमध्ये पाहून समाधान होत नाही, ती हातात घालून दाखवावी लागते, त्यामुळे गिऱ्हाइकाची नजर दिवसभर माझ्या बोटांवर असते आणि लग्नसराईत कोणी ना कोणी विचारतेच, "ताई, नखस्ले काय लायेल शे?" नेलपॉलिशऐवजी चिकटवायच्या रंगीत पट्ट्या आहेत असे सांगितले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: पार्लरमध्ये जेल, म्हणजे दिव्याखाली कडक होणारा लेप, लावून खराब झालेली नखे या पट्ट्यांनी सुधारतात का? काउंटरवर उभ्या उभ्या याचे नीट उत्तर देता येत नाही, म्हणून येथे लिहीत आहे.

पट्ट्यांनी नखे सुधारत नाहीत. आपल्याला दिसते ते नख म्हणजे केराटिन या टणक प्रथिनाने भरलेल्या मृत पेशींचे एकमेकांवर बसलेले थर असतात, आणि मृत थरांना झालेली इजा भरून येत नाही. नवे नख त्वचेखाली, मुळाशी तयार होते. ते पुढे सरकते तसा खराब भाग टोकाकडे जातो आणि शेवटी कापला जातो. हाताचे नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढते, मधल्या बोटाचे थोडे लवकर आणि करंगळीचे सावकाश, म्हणजे पूर्ण नख बदलायला चार ते सहा महिने जातात. तेवढे दिवस पुन्हा पार्लरच्या खुर्चीत जाऊन न बसणे मला अवघड होते, आणि त्या कामी पट्ट्यांचा उपयोग झाला.

माझे नुकसान जेलपेक्षा ते काढण्याच्या पद्धतीने झाले. दीड वर्ष मी दर तीन आठवड्यांनी फिलिंग करून घेत होते, म्हणजे नख वाढून मुळाशी उघडी पडलेली जागा पुन्हा जेलने भरून घेत होते. मधूनच एखादी कड सुटली की घरी बसून ती ओढून काढायची सवय मला लागली होती, आणि प्रत्येक वेळी जेलबरोबर नखाचा वरचा थरही निघत होता. शेवटी एका आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी, पार्लरमध्ये गर्दी असताना, अ‍ॅसिटोनमध्ये बोटे भिजवून जेल मऊ होऊ देण्याऐवजी मशीनने घासून काढले गेले. नखात चटका बसला तेव्हाच मी हात मागे घ्यायला हवा होता. त्या आखाजीला माहेरी भरितासाठी काड्यांवर भाजलेले वांगे सोलायला घेतले, तर नखांखाली अशी आग झाली की ते तसेच ठेवून उठले. नखे कागदासारखी वाकत होती, आणि उजव्या तर्जनीच्या नखावर, मुळालगत, मशीनची आडवी खाच पडली होती.

त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी नखांची झोंबणी पूर्ण थांबेपर्यंत त्यांवर काहीही लावायचे नाही, असे सांगितले. भर लग्नसराईत सहा आठवडे मी सोलवटलेल्या नखांनी अंगठ्या दाखवल्या. नख उघडे ठेवणे हाच सर्वांत चांगला उपाय आहे, हे मी आजही मानते. ज्यांना तसे राहता येते त्यांनी पट्ट्यांच्या फंदात पडू नये.

पट्ट्या घेताना पाकीट वाचावे. साध्या पट्ट्या नुसत्या दाबून चिकटतात. काही पाकिटांत मात्र दिवा असतो किंवा दिव्याखाली हात धरायला सांगितलेले असते. त्या अर्धवट कडक केलेल्या जेलच्याच पट्ट्या असतात. जेलमधल्या अ‍ॅक्रिलेट वर्गातल्या रसायनांची अ‍ॅलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही, आणि त्याच वर्गातली द्रव्ये दात भरण्याच्या साहित्यातही असल्याने पुढे तेथेही अडचण येऊ शकते. त्यामुळे दिव्याच्या पट्ट्या आणि गोंदाने बसवायची प्लास्टिकची नखे या दोन्ही गोष्टी मी या काळापुरत्या वर्ज्य मानल्या.

भांडी घासून किंवा अंघोळ करून लगेच पट्टी लावू नये. पाणी शोषून नख फुगलेले असते. ते वाळून आकसले की पट्टीची कड सुटते. तासाभराने स्पिरिटच्या बोळ्याने नख पुसावे आणि नखापेक्षा किंचित अरुंद पट्टी, कातडीपासून केसभर अंतर सोडून, मधून कडेकडे दाबत बसवावी. पाकिटातल्या छोट्या कानशीने नख आधी खरखरीत करायला सांगतात, ते मी कधीच केले नाही, कारण जे आधीच पातळ झाले आहे ते आणखी घासायचे कशाला? टोकाची जादा पट्टी तेवढी वरून खाली, एकाच दिशेने घासून काढावी. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर गेला की चिकटद्रव्य सैल होते, म्हणून पाकीट गाडीच्या डिकीत ठेवू नये, घरात गार जागी ठेवावे.

खरी काळजी काढताना घ्यायची. पाच-सहा दिवसांनंतर कड सुटली असो वा नसो, मी पट्टी काढते. कडेने शेंगदाण्याचे किंवा खोबऱ्याचे तेल सोडते, दहा मिनिटे कोमट साबणपाण्यात बोटे ठेवते आणि मुळाकडून टोकाकडे सावकाश गुंडाळत नेते. नखाचे थर कौलांसारखे टोकाच्या दिशेने बसलेले असतात. टोकाकडून मागे ओढले की ते उचकटतात. पट्टी अडली तर पुन्हा तेल सोडते, जोर लावत नाही. मग दोन दिवस नखे उघडी ठेवते, रात्री पेट्रोलियम जेली लावते, आणि भांडी घासताना रबरी हातमोजे घालते. बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्यांविषयीही विचारले जाते: शरीरात कमतरता नसेल तर त्यांचा फारसा उपयोग नाही, शिवाय थायरॉईडसारख्या काही रक्ततपासण्यांचे निकाल त्यांनी चुकू शकतात.

नख हिरवट झाले असेल, खालच्या मांसापासून सुटले असेल किंवा कडेला सूज असेल, तर वर पट्टी लावून ते झाकू नका, डॉक्टरांना दाखवा.

तर्जनीवरची ती खाच मी प्रत्येक वेळी पट्टी काढल्यावर पाहत असे. श्रावणात कानबाईचे रोट झाले तेव्हा ती नखाच्या निम्म्याच्या पुढे गेली होती, दसऱ्याला टोकाशी आली, आणि दिवाळीच्या आधी मी ती नेलकटरने कापली. आता पट्ट्या मी फक्त लग्नसराईत लावते. एरवी नखे उघडी असतात, आणि गरम वांगे मीच सोलते.