आमची वाटचाल : दोर, मामा आणि तळ्याकाठच्या काकू

2012च्या पावसाळ्यात आम्ही पहिली सहल इंदूरजवळच्या पाताळपाणी धबधब्याला नेली, तेव्हा सगळ्यांनी वेड्यात काढलं. आदल्याच वर्षी, जुलै 2011 मध्ये, तिथे वरून लोंढा आला होता आणि प्रवाहाच्या मधोमध अडकलेली माणसं काठावरच्यांच्या डोळ्यांदेखत वाहून गेली होती. तो व्हिडिओ देशभर फिरला. रामबागेतल्या घरात आई म्हणाली, "पोह्यांची गाडी लाव, पण धबधब्यावर माणसं नेऊ नकोस." इंदुरात पोह्यांचा धंदा बुडत नाही, हे तिचं खरंच. पण लोक जायचे काही थांबणार नव्हते. मग नेणारा तरी शुद्धीवरचा असावा, असं मला वाटलं.

भांडवल म्हणजे 11 मिलिमीटरचा 50 मीटर स्टॅटिक (फारसा न ताणणारा) दोर, सहा हार्नेस (अंगाला बांधायचे पट्टे), दहा हेल्मेटं, आठ स्क्रूवाले कॅरॅबिनर (दोर अडकवायच्या कड्या), डझनभर शिट्ट्या आणि मामा.

मामा पाताळपाणीजवळच्या गावातले. नाव छापलेलं त्यांना आवडायचं नाही, म्हणून देत नाही. इंग्रजांशी लढलेल्या तंट्या भिल्लाच्या, म्हणजे तंट्या मामाच्या देवळात नारळ ठेवल्याशिवाय ते दरीत पाऊल टाकत नसत. आगगाड्या तिथे थांबत, त्या घाटाआधी ब्रेक तपासायला, असं रेल्वेवाले सांगत. आमच्या मामांच्या मते तंट्या मामाला सलामी द्यायला. चोरल नदीची नस त्यांना ठाऊक होती. वरचं पठार काळ्या कातळाचं, पाणी मुरायला जागा कमी. तिकडे लांब पाऊस कोसळला की इकडे डोक्यावर ऊन असतानाच पाणी चढतं. आधी गढूळपणा येतो, मग काटक्या आणि पाला, मग आवाज जाड होतो.

एका रविवारी पुण्याचे पंधराजण होते. आभाळ स्वच्छ. मामा पाण्यात हात घालून बसले आणि म्हणाले, "भिया, पत्ते आ रिये हैं. वापस चलो." मी सगळ्यांना वर काढलं. पाहुणे भडकले. आम्ही काठावर दोन तास बसलो आणि पाणी काही आलं नाही! सगळ्यांचे पैसे परत केले, वर शिव्या खाल्ल्या. तो निर्णय बरोबर होता, हे मी अजूनही सांगतो.

2013 ते 2017 बरं चाललं. त्याबद्दल काय लिहायचं?

आता त्या गृहस्थाबद्दल. दोन पावसाळे माझ्याकडे हार्नेसचे बकल लावायला शिकला आणि तिसऱ्या पावसाळ्यात स्वतःची पाटी लावली. लावावी, इंदूर मोठं आहे. पण माझं बोलणंसुद्धा उचललं. मी जानापावच्या डोंगरावर पाहुण्यांना सांगायचो, की इथलं पाणी चंबळेतून यमुनेला, पुढे गंगेला मिळून बंगालच्या उपसागरात जातं आणि जवळच्याच चोरलचं पाणी नर्मदेतून अरबी समुद्रात. एका दिवसात दोन्हीकडच्या पाण्यात पाय भिजवून आणतो. ह्याने ते पाठ केलं, तेही चुकीचं. चंबळ नर्मदेला मिळवून मोकळा झाला! मी माणशी आठशे घ्यायचो, हा साडेतीनशे. मी पंधराच्या वर नेत नसे, हा एका खेपेत चाळीस.

2018 मध्ये दोर मागायला आला. "दादा, एकाच दिवसासाठी." दिला. चुकलं. परत आला तो छान गुंडाळून. धुवायला घेतला तर बादलीत काळी माती सुटत राहिली, आणि बोटांनी चाचपताना एका जागी आतला गाभा चपटलेला लागला. चौकशी केली तेव्हा कळलं, चिखलात रुतलेली जीप ह्या दोराने ओढली होती. साडेसात हजारांचा दोर मी त्याच रात्री कापला, म्हणजे चुकूनही कुणी त्यावर लटकणार नाही.

ह्या धंद्यात पडणाऱ्यांनी ऐकून ठेवावं. दोर सावलीत वाळवा. बॅटरीच्या ॲसिडजवळ ठेवू नका. विकत घेतल्याची तारीख आणि प्रत्येक वापर वहीत लिहा. नुसता पडून राहिलेला दोरही म्हातारा होतो. आणि चपला घालून आलेल्या पाहुण्याला गाडीतच बसवा, मग तो कुणाचाही जावई असो.

2019 च्या जुलैत त्याच्या चाळिसातला एक मुलगा शेवाळावरून घसरला, पाय मोडला. जीव वाचला, देवाची कृपा. पण बोभाटा झाला आणि धबधब्यांवर जायला सरसकट बंदी आली. हेल्मेटवाल्यांना आणि बिनहेल्मेटवाल्यांना सारखीच. माझ्या अकरा सहली रद्द झाल्या. आगाऊ घेतलेले पैसे परत करायचे होते, आणि ते तर जुन्या ट्रॅव्हलर गाडीच्या बयाण्यात गेलेले. ट्रॅव्हलर तोट्यात विकली. बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या. ती काही बोलली नाही, तेच जास्त लागलं. त्या थंडीत मामाही गेले. न्युमोनिया झाला होता. त्यांच्या वाट्याचे नऊशे रुपये माझ्याकडे राहिले होते, ते त्यांच्या मुलाला देऊन आलो.

मी दुकान बंद करायच्या बेतात होतो, तेव्हा लोकमान्य नगरच्या काकू आल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या. 2013 मध्ये माझ्याबरोबर चोरलला आल्या असताना कॅनव्हासच्या बुटांमुळे चिखलात बसल्या होत्या आणि हसत उठल्या होत्या. म्हणाल्या, "धबधबा बंद आहे ना? तळं कुणी बंद केलंय का?" भिशीतल्या चौदाजणींचे पैसे पाकिटात घालून आणले होते. त्यांना यशवंत सागर तळ्यावर पहाटे नेलं. धुक्यात सारसाची जोडी दिसली, आणि त्या चौदाजणी चक्क पाच मिनिटं गप्प राहिल्या.

तिथून तळ्यांच्या सहली सुरू झाल्या. 2020 कसं गेलं ते सगळ्यांनाच माहीत आहे, पण टाळेबंदी उठल्यावर सगळ्यात आधी तळीच चालू झाली. 2022 मध्ये सिरपूर तळं आणि यशवंत सागर रामसर यादीत (जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत) आले, तसे बाहेरगावचे पाहुणेही विचारू लागले. पाटल्या सुटल्या. पावसाळ्यात धबधबे आहेतच, मामांचा मुलगा आता पुढे चालतो. काकू आजही येतात आणि पोह्यांवर जीरावन मसाला कमी पडला म्हणून मलाच बोलतात.

गेल्या महिन्यात त्या गृहस्थाचा फोन आला. प्लॉटची दलाली करतो म्हणे, पण मित्रांना चोरलला न्यायचंय. "दादा, एक दिवस दोर मिळेल का?"

म्हटलं, "तू परत दिलेला गच्चीवर बांधलाय. आईची लुगडी वाळतायत त्यावर."