कुत्र्यांचा दिवाळी फराळ

आज करंज्यांचा घाणा उतरल्यावर ओव्हनमध्ये कुत्र्यांची बिस्किटं लागली. आपला फराळ त्यांना द्यायचाच नाही. चिवड्यात लसूण, करंजीच्या सारणात जायफळ आणि मनुका; मनुकांनी तर कुत्र्याच्या किडन्या निकामी होऊ शकतात. चॉकलेटही नाही.

2 वाट्या कणीक, अर्धी वाटी ओट्सचं पीठ, अर्धी वाटी लाल भोपळ्याचा गर, 1 अंडं. मीठ, साखर, सोडा काही नको. पीनट बटर घालायचंच असेल तर चमचाभर, तेही डब्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते गोड द्रव्य) नाही हे वाचून. झायलिटॉल कुत्र्यांना विषासारखं बाधतं.

सगळं बिघडतं ते भोपळ्यापाशी. पाण्यात उकडला की गर पाणचट होतो, मग पीठ वाढवत बसा आणि बिस्किटं दगड! फोडी वाफवा, गर चाळणीत निथळू द्या. पीठ पुरीच्या कणकेइतकं घट्ट हवं. अर्धा सेंटीमीटर जाड लाटून, काट्याने टोचून, 160 अंशांवर 30-35 मिनिटं. टोचलं नाही तर पापुद्रा फुगतो आणि आत ओल राहते. ओव्हन बंद केल्यावर तासभर आतच वाळू द्या, कारण मधे मऊ राहिलेल्या बिस्किटांना आपल्या दमट हवेत लगेच बुरशी धरते. पूर्ण गार झाल्यावरच डबा, आणि डबा फ्रिजमध्ये.

खाऊ दिवसाच्या एकूण कॅलरींच्या 10 टक्क्यांपर्यंतच. छोट्या पॉमेरेनियन कुत्र्याला नखाएवढे दोन तुकडे पुरतात, डोळे कितीही केविलवाणे केले तरी. गहू न पचणाऱ्यांसाठी कणकेऐवजी तांदळाचं पीठ. वड्या जरा भुसभुशीत होतात, एवढंच.