इंग्रजी शिकवायचा कोर्स निवडताना सराव पाठ मोजा

नागपुरात स्पोकन इंग्लिशचे क्लास सीताबर्डीतही आहेत आणि नंदनवनातही. तिथं शिकवायला जायचं म्हणून कुणी ट्रेनिंगची चौकशी करू लागला की पहिल्यांदा कानावर येतो तो १२० तासांचा ऑनलाइन टेफल, म्हणजे इंग्रजी परकी भाषा म्हणून शिकवण्याचा कोर्स. हा १२०चा आकडा फसवा आहे. केंब्रिजच्या सेल्टा या इंग्रजी शिक्षकांसाठीच्या प्रमाणपत्र कोर्समध्येही किमान १२० तासच असतात, पण त्याचं खरं वजन आहे ते ६ तासांच्या प्रत्यक्ष शिकवण्यात. समोर खरे विद्यार्थी, तेही दोन वेगवेगळ्या पातळ्यांचे, आणि मागच्या बाकावर निरीक्षक. शिवाय अनुभवी शिक्षकांचे ६ तास पाठ बघायचे आणि ७५० ते १००० शब्दांचे चार लेखी स्वाध्याय द्यायचे. ऑनलाइन कोर्सात व्हिडिओ आणि प्रश्नमंजूषा असतील पण एकही पाठ कुणी बघणार नसेल, तर तो वाचनाचा कोर्स समजावा. फी भरण्याआधी एवढंच विचारा: सराव पाठ किती, विद्यार्थी कोण, आणि पाठानंतर चर्चा कोण करणार?

शाळेत नोकरी हवी असेल तर मात्र हिशेब वेगळा. तिथं डी.एल.एड. किंवा बी.एड. लागतं, पहिली ते आठवीसाठी टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षाही. सेल्टा त्याची जागा घेत नाही.

आता पाठाकडे. बी.एड. केलेल्यांना पाठ टाचणाची, म्हणजे पाठाचा आराखडा आधी लिहिण्याची सवय असते, पण त्यात बहुधा शिक्षक काय बोलणार तेच लिहिलेलं असतं. भाषेच्या पाठात प्रत्येक टप्प्यापुढे विद्यार्थी काय करणार ते लिहावं लागतं. ४० मिनिटांच्या पाठात निदान १५ मिनिटं जोडीतल्या सरावाला हवीत. नवख्यांचा पाठ इथंच कोसळतो: समजावण्यात अर्धा तास जातो आणि सराव घरी करायला सांगितला जातो.

‘यूज्ड टू’चं उदाहरण घ्या. आपल्याकडे ‘मी रोज सहाला उठतो’ हे सांगायला ‘आय यूज्ड टू वेक अप ॲट सिक्स’ असं सर्रास म्हटलं जातं. सवय म्हणजे यूज्ड टू, एवढंच डोक्यात बसलेलं असतं. ती सवय आता सुटली आहे, हा भाग निसटतो. अशा वेळी नियम सांगून ‘समजलं का?’ विचारलं तर सगळी मुलं ‘हो’ म्हणणार, आणि त्या ‘हो’तून काहीच कळत नाही. त्याऐवजी फळ्यावर ‘आय यूज्ड टू लिव्ह इन वर्धा’ लिहा आणि तीन प्रश्न विचारा. मी पूर्वी वर्ध्याला राहत होतो का? हो. आता राहतो का? नाही. एकच दिवस राहिलो, की बराच काळ? बराच काळ. दुसऱ्या प्रश्नावर वर्ग अडखळला तर अर्थ पोचलेला नाही. पुढं जाऊ नका. हे प्रश्न टाचणात उत्तरांसकट आधीच लिहून ठेवा, ऐनवेळी सुचत नाहीत. प्रश्नात ‘यूज्ड टू’ पुन्हा येऊ द्यायचं नाही, नाहीतर जे तपासायचं तेच गृहीत धरलं जातं.

मग उच्चार. बोलताना ते ‘यूस्टू’ असं सलग येतं, मधला ‘ड’ ऐकू येत नाही. आधी सगळ्या वर्गाकडून दोन-तीनदा, मग एकेकाकडून म्हणवून घ्या. लिखित रूप फळ्यावर त्यानंतर आणलेलं बरं, कारण अक्षरं दिसली की जीभ अक्षरांमागे जाते. नकार आणि प्रश्नाचा सांगाडा सर्वांत शेवटी: ‘डिड’ आलं की ‘यूज्ड’ लिहिताना त्यातला ‘डी’ जातो.

नागपूरच्या वर्गाची एक अडचण परदेशी पुस्तकात सापडणार नाही. एप्रिल-मे महिन्यांत कूलर घरघरत असतो आणि त्या आवाजात शब्दांच्या शेवटचे ‘ट’, ‘ड’, ‘स’ बुडून जातात. मुलांना ‘वर्क’ आणि ‘वर्क्ट’ (‘worked’चा उच्चार) एकच ऐकू येतं, आणि दोष त्यांच्या कानांना दिला जातो. ऐकण्याचा उतारा दोन-तीन मिनिटांचाच ठेवा, तेवढा वेळ कूलर बंद करा, आणि स्पीकर टेबलावर न ठेवता वर्गाच्या मधोमध ठेवा.

वर्गात मराठी बोलू नये, हा हट्ट मला पटत नाही. अगदी नवख्यांना खेळाची सूचना एकदा मराठीत सांगितली तर पाच मिनिटं वाचतात. पण इथल्या बॅचमध्ये हिंदी बोलणारी मुलंही असतात, त्यामुळे प्रत्येक शब्दाचं मराठी सांगत बसलात तर निम्मा वर्ग बाहेर राहील. चित्र, हातवारे आणि उदाहरण सगळ्यांना पोचतं.

निरीक्षक मिळत नसेल तर एखाद्या सहकाऱ्याला मागं बसवा. ‘पाठ छान झाला’ हा शेरा कुणाच्याच कामाचा नाही. त्याच्या हातात वर्गाच्या बैठकीचा नकाशा द्या आणि जो विद्यार्थी इंग्रजीत पूर्ण वाक्य बोलेल त्याच्या जागेवर एक खूण करायला सांगा. पाठ संपल्यावर कुठली बाकं कोरी राहिली ते बघा, आणि पुढच्या टाचणात पहिली जोडी तिथूनच उठवा.